रन म्हणजे पळणे

थोरलीला इंग्रजी वाचता येतं, हे लॉन्ड्रीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जास्त ठाऊक होतं ते थोरलीला.

शाळा तिने सातवीतच सोडली होती. पण पाचवीपासून सातवीपर्यंत जे काही इंग्रजी कानावर पडलं, ते तिने लोणच्यासारखं मुरवून ठेवलं होतं. गो म्हणजे जाणे, कम म्हणजे येणे, ईट म्हणजे खाणे, रन म्हणजे पळणे. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. नवरा गेल्यावर दिराने तिला या लॉन्ड्रीत चिकटवलं तेव्हा सुपरवायझरला त्याने छाती फुगवून सांगितलं होतं, "आमच्या घरातली थोरली आहे. वाचता येतं तिला. इंग्रजीसुद्धा." तेव्हापासून कामावरही ती थोरलीच झाली.

लॉन्ड्री साधीसुधी नव्हती. तीन हॉस्पिटलांच्या चादरी, गाऊन, पडदे तिथे धुतले जायचे. एका अंगाला धुण्याची यंत्रं, दुसऱ्या अंगाला माणसाच्या डोक्याहून उंच असे चार ड्रायर, आणि मधे अरुंद वाट. ती वाट बाराही महिने ओली. ओल्या चादरींच्या ढकलगाड्या तिथूनच जायच्या, पाणी ठिबकत राहायचं, आणि महिन्याकाठी कुणीतरी एक आपटायचंच. म्हणून भिंतीवर खिळा ठोकून पांढऱ्या पत्र्याचा एक फलक दोरीने टांगला होता. लाल अक्षरं: डू नॉट रन.

थोरली पहिल्या दिवशी त्या फलकापुढे उभी राहिली आणि मोठ्याने वाचून मोकळी झाली. घड्या घालणारी बाई जवळच होती. तिने विचारलं, "काय म्हणतोय गं तो?"

"पळू नका म्हणतोय."

"अगं बाई! चार वर्षं मी त्याच्याखालून पळतेय!" घडीवाली म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या. तेव्हापासून फलकाचा अर्थ अख्ख्या लॉन्ड्रीला ठाऊक झाला. कुणी घाईने निघालं की मागून ओरड व्हायची, "ए, बोर्ड वाच!"

दीर तिथेच फिटर होता. बोलायला तोंडाळ, पण हाताचा कसबी. यंत्राला नुसतं कान लावून त्याचं दुखणं सांगायचा. घरात दोन बिऱ्हाडं एकाच छपराखाली होती: पुढच्या दोन खोल्यांत दीर, धाकटी जाऊ आणि त्यांची मुलगी, मागच्या खोलीत थोरली. मुलगी दहावीत गेली आणि तिला अभ्यासाला जागा हवी असं निघालं. थोरलीने पुढे झोपावं, मागची खोली पोरीला द्यावी, असं धाकटीच्या मनात आलं, आणि तिच्या मनातलं दिराच्या तोंडून बाहेर पडलं. तेही घरी नाही, तर लॉन्ड्रीत, जेवणाच्या सुट्टीत, दहाजणांसमोर.

"वहिनी, तुमची ती मोठी पेटी मी रविवारी पुढे आणून ठेवतो," तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

त्या पेटीत नवऱ्याचे कपडे होते. थोरलीच्या हातातला घास हातातच राहिला. तिचा तोल सुटला. "भाऊजी, माझ्या पेटीला हात लावलात तर ते हात जागेवर राहायचे नाहीत, सांगून ठेवते!"

दीर डबा बंद करून उठला. संध्याकाळपर्यंत तिचा राग उतरला, पण शब्द तोंडातून गेला होता, आणि गेलेला शब्द काही धुण्यातून परत येत नाही. पुढचे आठ दिवस दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलले.

मग तो मंगळवार आला.

सकाळी अकराला हॉस्पिटलातून फोन आला: ऑपरेशनच्या चादरी बारापर्यंत हव्यात, काहीही करा. सुपरवायझर पाय आपटत सगळीकडे फिरला. थोरली ओल्या चादरींची गाडी ढकलत ड्रायरांपाशी आली. एक, दोन आणि चार नंबर धडधडत होते. तीन रिकामा होता. त्याच्या दोन बटणांवर, हिरव्यावर आणि लालवर, दोरीने तो फलक टांगलेला होता. डू नॉट रन.

"आता हा इथे कुणी आणला?" ती स्वतःशीच म्हणाली. तिला वाटलं, सकाळी फरशी पुसणाऱ्याने काढला असेल आणि दिसेल तिथे अडकवून गेला असेल. वाट तर आज नेहमीपेक्षा जास्त ओली होती. कुणी पडलं म्हणजे? घाई होती, तरी तिने फलक उचलला, वाटेपर्यंत नेला, खिळ्याला लावला आणि वाकडा लागलाय असं वाटून सरळही केला. परत आली. ड्रममध्ये चादरी कोंबल्या, दार लावलं, आणि हिरवं बटण दाबलं.

तीन नंबर सुरू होताना नेहमी कुरकुरायचा. तो कुरकुरला नाही. मागून काहीतरी कट्टकन मोडल्याचा आवाज आला, ओलं लाकूड मोडावं तसा. आणि मग किंकाळी.

थोरलीचा हात लाल बटणावर कसा गेला ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. ड्रायर आणि भिंत यांच्यामधल्या बोळकांडीत ती आडवी होऊन शिरली. मागची जाळी काढून ठेवलेली होती. पाने, स्क्रू, जुना पट्टा, सगळं नीट ओळीत मांडलेलं. आणि दीर गुडघ्यांवर बसलेला, उजवा हात नव्या पट्ट्याच्या आणि चाकाच्या मधे. त्याचा चेहरा चादरीहून पांढरा झाला होता.

तिने पट्टा उलटा ओढून हात मोकळा केला. पुढे जाऊन गाडीत उरलेल्या दोन चादरी खेचून आणल्या, एक हाताभोवती गुंडाळली, वरून दुसरी गुंडाळली. दोन्ही बघता बघता लाल झाल्या. त्याने तिच्याकडे पाहिलं. ओळखीच्या माणसाकडे पाहतो तसं नाही, वेगळंच.

"वहिनी," तो म्हणाला, "बोर्ड होता ना?"

"होता," ती म्हणाली.

त्याने डोळे मिटले आणि त्याची शुद्ध हरपली.

दुपारी तीनला तिला मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावलं. तिच्या कोपरापर्यंत रक्त वाळलेलं होतं. धुवायचं तिला सुचलंच नव्हतं. आत मॅनेजर होता, सुपरवायझर होता, आणि मुख्य ऑफिसातून आलेल्या सुरक्षा अधिकारी बाई होत्या. बाईंनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, मग विचारलं, "तीन नंबरवर फलक होता?"

"होता."

"तुम्ही पाहिलात?"

"पाहिला."

"वाचलात?"

"वाचला."

"मग?"

"मग काढला, आणि नेऊन वाटेवर त्याच्या जागी लावला."

मॅनेजरने सुपरवायझरकडे पाहिलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "बटण दाबण्याआधी?"

"हो."

"त्यावर काय लिहिलं होतं, सांगाल?"

"पळू नका."

मॅनेजर म्हणाला, "बाई, एका माणसाचा हात गेलाय. ही थट्टेची वेळ आहे का?"

"थट्टा कशाची, साहेब? तसंच लिहिलंय. डू नॉट रन. डू नॉट म्हणजे नका. रन म्हणजे पळणे."

"यंत्रावर टांगलं की त्याचा अर्थ चालू करू नका, असा होतो," बाई हळूच म्हणाल्या. "यंत्राच्या चालण्यालाही रनच म्हणतात."

थोरली त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. यंत्राला? यंत्र पळतं? त्याला पाय कुठे असतात? ज्या शब्दाला ती पाचवीपासून ओळखत होती, जो तिच्या घरचा असल्यासारखा होता, तो कुणी परकाच निघाला होता. खुर्चीत बसलेली असूनही तिने टेबलाची कड धरली.

"मॅडम," सुपरवायझर खाकरून म्हणाला, "एक गोष्ट कानावर घालावी लागेल. आठ दिवसांपूर्वी या बाई सगळ्यांसमोर त्यांना म्हणाल्या होत्या, हात जागेवर राहायचे नाहीत."

थोरली ते विसरली होती. अक्षरशः विसरली होती. आता कुणीतरी कानफटात मारावी तसं ते वाक्य तिच्यावर येऊन आदळलं. तिने रक्ताळलेले दोन्ही हात पदराखाली घेतले. मॅनेजरने त्याचा काय अर्थ लावायचा तो लावला.

"चौकशी होईपर्यंत घरी बसा," तो म्हणाला. "पोलिसांना कळवायचं की नाही ते उद्या बघू."

ती तशीच हॉस्पिटलात गेली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर धाकटी बसली होती. थोरलीला पाहताच ती उठली, वाट अडवून उभी राहिली.

"दोन बोटं काढली," धाकटी म्हणाली. "तिसरं राहील की नाही, सांगता येत नाही म्हणतात. फळली तुमची वाणी. झालं समाधान?"

"अगं, मी मुद्दाम..."

"बोर्ड काढून लपवलात म्हणे."

"लपवला नाही गं. जागेवर लावला."

"कुठली जागा? त्याची जागा तिथेच होती, तीन नंबरवर! तुम्ही इंग्रजी वाचता ना, ताई? गावभर सांगत फिरता ना?" धाकटीचा आवाज फाटला. "आता माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नका."

दोघींचा उंबरा एकच होता, हे तेव्हा दोघींपैकी कुणालाच आठवलं नाही.

दोन दिवस थोरली मागच्या खोलीत बसून होती. चूल पेटवली नाही. ती हात पुढे धरून बघायची आणि पुन्हा पदराखाली घ्यायची. या बोटांनी बटण दाबलं. मनात कुठे खोल राग उरला होता का? एखादं मन आपल्याला न विचारता काही करतं का? ती स्वतःला खोदून खोदून विचारायची, आणि उत्तर तेच यायचं: मी पळू नका वाचलं. पण तेच उत्तर शंभरदा दिलं की स्वतःलाही खोटं वाटू लागतं. केबिनमधल्या त्या तिघांनी तरी विश्वास का ठेवावा?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मागच्या दाराची कडी वाजली. पुतणी होती. हातात झाकलेलं ताट, काखेत जाडजूड डिक्शनरी.

"आई हॉस्पिटलात आहे," ती म्हणाली. "काकू, खा आधी."

थोरलीने ताट बाजूला सारलं. पुतणी तिच्यासमोर मांडी घालून बसली. तिचे डोळे सुजले होते. "मला एकच सांगा. बोर्डावर नक्की काय होतं?"

थोरलीने सांगितलं. पुतणी हसली नाही. तिने डिक्शनरी उघडली, बोट लावलं आणि वाचू लागली. "रन. एक, पळणे."

"बघ!"

"थांबा. दोन, यंत्र चालणे किंवा चालवणे. तीन, दुकान, शाळा, संस्था चालवणे. चार, बस किंवा गाडी ठरल्या वेळी सुटणे. पाच, नळाचं पाणी वाहणे. सहा, नाक गळणे. सात, कपड्याचा रंग जाणे..."

"कपड्याचा रंग पळतो?"

"इंग्रजीत पळतो. आठ, निवडणुकीला उभं राहणे."

"उभं राहणंसुद्धा पळणंच?" थोरलीने कपाळावर हात मारला. "म्हणजे एका माणसाने उभं राहायचं की पळायचं?"

पुतणी पान उलटत गेली. एक पान, दुसरं पान, तिसऱ्या पानावरही रनच. संपणे, आटणे, अंगावरून गाडी जाणे, अचानक कुणी भेटणे. थोरली आ वासून ऐकत होती. तिला वाटत होतं, आपण एका दारातून आत शिरलो तेवढीच खोली समजून चाळीस वर्षं राहिलो, आणि मागे शंभर खोल्या होत्या. त्यांतल्या एका खोलीत भाऊजी गुडघ्यांवर बसले होते.

"आपल्याकडे यंत्र चालतं," ती हळूच म्हणाली.

"हो. आणि त्यांच्याकडे पळतं." पुतणीने डिक्शनरी मिटली. "आपलंही काही कमी नाही, काकू. भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, आग लागते. बाहेरच्या माणसाला सांगून बघा." मग ती एकदम उठली. "मला बाबांना एक विचारायचंय."

तिसऱ्या दिवशी अधिकारी बाईंचा निरोप आला: हॉस्पिटलात या. थोरली गेली तेव्हा दीर उशीला टेकून बसला होता. उजव्या हाताचं गाठोडं छातीवर. एका बाजूला धाकटी, भिंतीकडे तोंड करून. पायथ्याशी बाई वही घेऊन बसलेल्या. सुपरवायझरही होता, दाराजवळ, घाम पुसत.

दिराने थोरलीला पाहिलं आणि बाईंकडे वळून बोलायला सुरुवात केली. "तो फलक यंत्राचा नव्हताच. यंत्राच्या बटणाला लावायचं कुलूप आणि त्याची पाटी असते. ते कुलूप सहा महिन्यांपूर्वी तुटलं. मी चारदा मागितलं. हे म्हणाले, येईल." त्याने दाराकडे हनुवटी केली. सुपरवायझरने मान खाली घातली.

"मग फलक आला कुठून?"

"वाटेवरून मीच काढला. मेन स्विच बंद करावा, तर चारही ड्रायर बंद पडणार, आणि चादरी तर बारापर्यंत हव्यात. म्हटलं, रन लिहिलंयच ना त्यावर. चालेल." तो थांबला. "चालेल म्हटलं मी."

बाई लिहायच्या थांबल्या. "म्हणजे ओल्या वाटेवरचा फलक, ज्याचा अर्थ पळू नका असाच होता, तो तुम्ही यंत्रावर लावलात."

"हो."

"आणि यांनी तो परत ओल्या वाटेवर लावला."

"हो."

धाकटी भिंतीकडून वळली. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग थोरलीकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे. तीन दिवस मनात जो राग तिने निखाऱ्यासारखा फुंकून पेटता ठेवला होता, तो आता कुठे ठेवायचा, हे तिला कळेना.

थोरली पलंगाजवळ गेली. "भाऊजी, एक विचारते, खरं सांगा. तुम्हाला काय वाटलं होतं?"

तो खोटं बोलू शकला असता. बोलघेवडा माणूस, गोड शब्दही त्याला कमी नव्हते. पण तो म्हणाला, "पहिला पूर्ण दिवस वाटलं, वहिनींनी सूड घेतला."

केबिनमधल्या शब्दांनी लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. वीस वर्षं एका छपराखाली. याच्या मुलीला तिने मांडीवर निजवलं होतं.

"मग काल पोरगी आली," दीर खाली बघत म्हणाला. "तिने विचारलं, बाबा, तो बोर्ड आला कुठून? आणि माझ्या डोळ्यांपुढे तो रिकामा खिळा आला. वहिनी, तुम्ही पहिल्या दिवशी तो बोर्ड वाचून दाखवला होता. अख्खी लॉन्ड्री हसली होती. मीही हसलो होतो. तरी माझ्या डोक्यात आलं नाही."

"तेवढा एक दिवस," थोरली म्हणाली, "तसं वाटायला नको होतं."

"नको होतं," तो म्हणाला.

पुढे काय झालं ते सांगायला फार नाही. पोलिसांचं प्रकरण तिथेच मिटलं. सुपरवायझरची बदली झाली. आठवड्याभरात चारही ड्रायरना कुलपं आली, प्रत्येकाची किल्ली वेगळी, आणि काम करणाऱ्याने ती खिशात ठेवायची. फलक सगळे बदलले. आता त्यांवर आपल्या भाषेत लिहिलं होतं आणि चित्रंही होती. दिराचं तिसरं बोट वाचलं, पण वाकेना. त्याला स्टोअरमध्ये बसवलं, नटबोल्ट मोजायला. पहिले काही दिवस तो ड्रायरांकडे पाठ करून बसायचा, पण आवाज कुठे चुकतात! मग बसल्या जागेवरून ओरडायचा, "दोन नंबरची बेअरिंग बघा!"

पेटीचा विषय पुन्हा निघाला नाही. पुतणी तिचं टेबल घेऊन सरळ मागच्या खोलीत आली आणि काकूच्या पलंगाशेजारी अभ्यासाला बसू लागली.

धाकटी मात्र बोलेना. चूक उमगली तरी जीभ वळत नसते. दोन महिने दोघी एकाच नळावर पाणी भरत होत्या आणि एकमेकींच्या बादल्यांशी बोलत होत्या. मग एका सकाळी धाकटी तीन शर्ट घेऊन मागच्या दारात उभी राहिली.

"ताई, यांना एका हाताने बटणं लावता येत नाहीत," ती शर्टांकडे बघत म्हणाली. "रोज चिडचिड होते. टिचबटणं लावून द्याल का?"

"आत ये," थोरली म्हणाली. "दारात काय उभी राहतेस?"

थोरलीला लॉन्ड्रीत परत घेतलं होतं, पण घडीच्या टेबलावर. तिनेच तसं मागून घेतलं होतं. थंडी संपता संपता ड्रायरवरची बाई आजारी पडली आणि नव्या सुपरवायझरने तिला विचारलं. ती हो म्हणाली आणि तीन नंबरपुढे येऊन उभी राहिली. चादरी भरल्या, दार लावलं. बोट हिरव्या बटणापर्यंत गेलं आणि तिथेच थिजलं. कुलूप उघडं होतं, किल्ली तिच्या खिशात होती, दीर पलीकडे स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत होता, हे सगळं तिला दिसत होतं. तरी बोट हलेना.

ती वळसा घालून मागे गेली. बोळकांडीत डोकावली. जाळी जागेवर होती. फरशी स्वच्छ होती. तिने तोंडाशी हात धरून हाक मारली, "मागे कुणी आहे का?"

घडीवालीने दचकून मान वर केली. कुणीतरी हसलं. थोरली पुढे आली, पुन्हा बोट नेलं, पुन्हा मागे गेली. "मागे कुणी आहे का?"

तिसऱ्या खेपेला स्टोअरच्या जाळीमागून दिराचा आवाज आला, "कुणी नाही, वहिनी! दाबा!"

तिने डोळे मिटून बटण दाबलं. तीन नंबर कुरकुरला आणि फिरू लागला. थोरली मळक्या चादरींच्या गाठोड्यावर बसली. आणि चादरी सुकेपर्यंत ती तिथून उठली नाही.